'किल'लाही न जुमानणारी प्रोसेस कुठे अडकली आहे?
लिनक्सवर एखादी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) 'पीएस' या कमांडच्या यादीत 'डी' अवस्थेत, म्हणजे सिग्नललाही न जागणाऱ्या प्रतीक्षेत, दिसते आणि 'किल -९' ही सक्तीने बंद करण्याची कमांड देऊनही जात नाही, तेव्हा मशीन रीस्टार्ट करण्याआधी तिचा कर्नलमधला (सिस्टिमच्या गाभ्यातला) स्टॅक, म्हणजे एकमेकांना बोलावत गेलेल्या फंक्शनांची यादी, पाहावा.

१. रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन '/प्रॉक'मधील त्या प्रोसेसच्या क्रमांकाच्या डिरेक्टरीतली 'स्टॅक' ही फाइल 'कॅट'ने वाचावी. त्याच प्रोसेसच्या इतर थ्रेडच्या (तिच्यात समांतर चालणाऱ्या कामांच्या) अशाच फाइली तिथल्याच 'टास्क' डिरेक्टरीत असतात.

२. ओळी वरून खाली वाचाव्यात, कारण थ्रेड जिथे थांबला आहे ते फंक्शन सर्वांत वर असते. त्यांत 'एनएफएस'ने (नेटवर्कवरून फाइली वापरण्याची पद्धत) सुरू होणारी नावे दिसली, तर दोष बहुधा प्रोग्रॅमचा नसून पलीकडच्या फाइल सर्व्हरचा किंवा नेटवर्कचा असतो.

३. अडकलेले सगळे थ्रेड एकदम पाहायचे असल्यास '/प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर' या कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या फाइलमध्ये 'डब्ल्यू' लिहून 'डीमेसेज' या कमांडने कर्नलचे संदेश पाहावेत.

मात्र कीबोर्डवर शेजारीच असलेले 'ई' चुकून लिहिले गेले, तर 'इनिट' (सिस्टिमची पहिली प्रोसेस) वगळता सर्व प्रोसेसना बंद होण्याचा सिग्नल जातो.