सेशनमधील माहिती अचानक हरवते तेव्हा: पीएचपीत शोध कोठून सुरू करावा

सेशनमध्ये (वापरकर्त्याची माहिती पानागणिक टिकवणाऱ्या सर्व्हरवरील साठ्यात) ठेवलेली माहिती पुढच्या पानावर मिळेनाशी झाली, की आपण थेट कोड बदलू लागतो. त्याआधी दोन्ही पानांवर सेशन आयडी (त्या सेशनची ओळखखूण) तोच आहे का, हे पाहावे. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘पीएचपीसेसआयडी’ (PHPSESSID) ही कुकी, म्हणजे हा आयडी ब्राउझरमध्ये जपणारी छोटी नोंद, तपासावी आणि सर्व्हरवरही आयडी लॉगमध्ये नोंदवावा, कारण पुढचा सारा तपास या एका उत्तरावर ठरतो.

आयडी बदलला असेल, तर दोष कुकीत शोधावा. एक पान ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि दुसरे त्याशिवाय उघडत असल्यास कुकी सहसा वेगळी पडते. सर्वांत फसवे प्रकरण पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या बाहेरच्या सेवेचे, आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये आलेल्या क्रोम 80 पासून, सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवावी का, हे ठरवणारी सेटिंग) न लिहिलेली कुकी ‘लॅक्स’ मानली जाऊ लागली आणि अशी कुकी दुसऱ्या साइटवरून पोस्ट पद्धतीने (फॉर्म भरून पाठवल्यासारखे) परतताना पाठवली जात नाही. मात्र नुकत्याच तयार झालेल्या कुकीला क्रोमने दोन मिनिटांची सवलत ठेवली, त्यामुळे घाईने केलेली चाचणी यशस्वी होते आणि ओटीपीची वाट पाहणारा खरा ग्राहक लॉगआउट झालेला दिसतो. गेटवेकडून परतणाऱ्या पानावर सेशन सुरूच करू नये, कारण तेथे तयार होणारी नवी कुकी जुनी पुसून टाकते. गेटवेची डिजिटल सही पडताळून, ऑर्डर क्रमांकावरून नोंद करून मग ग्राहकाला आपल्याच दुसऱ्या पानावर रीडायरेक्ट करावे, हा मार्ग मला सर्वांत सुरक्षित वाटतो.

आयडी तोच असूनही एखादी नोंद नाहीशी होत असेल, तर ती कोणीतरी पुसली किंवा बदलली आहे. रीडायरेक्टचा हेडर पाठवल्यावर ‘एक्झिट’ लिहिले नसेल, तर खालचा कोड चालूच राहतो आणि तेथील ‘अनसेट’ (नोंद पुसणारी आज्ञा) आपले काम करून जातो. सापडत नसलेल्या फेव्हिकॉनची (टॅबवरील छोट्या चित्राची) विनंती मुख्य फाइलकडे वळवली जात असेल, तर एकदाच दाखवायचा संदेश त्या अदृश्य विनंतीतच खर्च होतो. म्हणून ॲक्सेस लॉगमध्ये प्रत्येक क्लिकमागच्या विनंत्या मोजाव्यात.

सारीच माहिती काही वेळाने जात असेल, तर सेशनची मुदत पाहावी. ती मुळात 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटे असते. ती वाढवूनही फरक पडला नाही, तर त्याच फोल्डरात सेशन ठेवणारे, कमी मुदतीचे दुसरे ॲप्लिकेशन आपल्या फाइली साफ करत असू शकते. अशा वेळी सेशनसाठी स्वतंत्र फोल्डर द्यावे.