अंतःस्रावी ग्रंथींच्या स्लाइड ओळखताना या चुका टाळा

स्लाइड हाती येताच अनेक विद्यार्थी थेट ४० पटींच्या भिंगाकडे वळतात आणि पेशींच्या रंगावरून ग्रंथीचे नाव ठरवतात. अंतःस्रावी ग्रंथींच्या बाबतीत हे विशेष घातक ठरते, कारण त्यांची ओळख पेशींच्या मांडणीत असते आणि ती मांडणी ४ किंवा १० पटींच्या भिंगाखालीच नीट दिसते.

गुलाबी द्रवाने भरलेल्या पोकळ्या दिसल्या की 'थायरॉइड' असे उत्तर लिहिले जाते. परंतु दूध स्रवणाऱ्या स्तनग्रंथीतही अशाच पोकळ्या असतात. तेथे नलिका शोधाव्यात. थायरॉइडमध्ये त्या नसतात, कारण तिची संप्रेरके थेट रक्तकेशिकांत उतरतात. कोलॉइडच्या, म्हणजे थायरॉइडच्या पोकळीतील गुलाबी द्रवाच्या, कडेला दिसणारी मोकळी फट बहुधा ऊती तयार करताना ते आकसल्याने पडते, त्यामुळे तेवढ्यावरून ग्रंथी सक्रिय असल्याचे लिहू नये. त्यासाठी पुटकाच्या (द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) भिंतीतील पेशी उंच आहेत की चपट्या, हे पाहावे.

अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीच्या बाह्यकातील, म्हणजे बाहेरच्या भागातील, मधल्या थराच्या पेशी जाळीदार दिसतात, म्हणून त्यांना चरबीपेशी किंवा ऱ्हास पावलेल्या पेशी समजू नये. कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवण्यासाठी त्यांनी साठवलेले मेद स्लाइड तयार करताना अल्कोहोल आणि झायलिनमध्ये विरघळून गेलेले असते. पश्च पियूषिका (पिट्युटरी ग्रंथीचा मागचा भाग) ऑक्सिटोसिन हे संप्रेरक तयार करते, हे विधानही तितकेच चुकीचे आहे: ते मेंदूतील अधश्चेतकाच्या (हायपोथॅलॅमसच्या) चेतापेशींत तयार होते आणि येथे त्या पेशींच्या अक्षतंतूंच्या (लांब तंतूंच्या) टोकांत केवळ साठते.

सर्वांत जास्त गोंधळ स्वादुपिंडातील बेटांबाबत, म्हणजे संप्रेरके बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांबाबत, होतो. जर्मन वैद्यक पॉल लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये त्यांचे वर्णन केले, परंतु कार्य त्यांनाही सांगता आले नाही. नुसत्या रचनेवरून किती कळते याची मर्यादा येथे स्पष्ट दिसते. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेल्या स्लाइडमध्ये ही बेटे पाचकरस बनवणाऱ्या गडद स्रावपुटकांमध्ये फिकट पुंजक्यांसारखी उठून दिसतात, मात्र त्यातील अल्फा (ग्लुकागॉन बनवणाऱ्या) आणि बीटा (इन्सुलिन बनवणाऱ्या) पेशी वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्यासाठी प्रतिपिंडांवर आधारित रंजनासारखे विशेष रंजन लागते. तरीही उत्तरपत्रिकांत मध्यभागी बीटा आणि कडेने अल्फा अशी आकृती निर्धास्तपणे काढली जाते. ती मांडणी मुख्यतः उंदरांची आहे. मानवी बेटांत, विशेषतः मोठ्या बेटांत, या दोन्ही पेशी एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि आकृतीतही त्या तशाच दाखवायला हव्यात.