गचके कमी करायचेत? आधी टायरची भिंत मोजा, मग शॉकअपला हात लावा

खानदेशात गाडीला दोन प्रकारचा रस्ता छळतो. एक खड्ड्यांचा, तो काय सगळ्या महाराष्ट्रात आहे. दुसरा लाटांचा, आणि तो खास आपला. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आकसते, आणि तिच्यावर टाकलेलं डांबर काही वर्षांत वाळत घातलेल्या गोधडीसारखं वर-खाली होतं. तापीकाठच्या कुठल्याही आडरस्त्याला जाऊन बघा.

खड्ड्याचं औषध टायरमध्ये असतं, लाटेचं शॉकअपमध्ये. एवढं डोक्यात बसलं तरी निम्मा खर्च वाचतो. लोक नेमकं उलटं करतात. खड्ड्यात दणका बसतो म्हणून शॉकअप बदलतात, आणि लाटेवर गाडी नावेसारखी डुलते म्हणून रुंद टायर घालतात. मी माझ्या दोन, मोठ्या भावाची एक आणि मेहुण्याची एक, अशा चार गाड्या मऊ करून घेतल्यात. पहिल्या गाडीत जे शिकलो ते फार महाग पडलं, म्हणून हे लिहितोय.

दुखणं ओळखा

रोजच्या रस्त्यावर काचा वर करून, गाणी बंद करून एकटे निघा. बारीक खडबडीत पट्ट्यावर ३०च्या वेगात स्टिअरिंग आणि सीट थरथरत असेल, प्रत्येक खडा ढुंगणाला कळत असेल, तर दोष टायरचा किंवा हवेचा. लाटेवरून ६०ने गेल्यावर गाडीचं नाक एकदा खाली जाऊन गप्प बसायला हवं. ते दोन-तीनदा माना हलवत राहिलं तर शॉकअप गेले. गतिरोधकावर चार माणसं बसलेली असताना खालून ‘धाड’ असा आवाज आला तर गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडणीवर, आदळतेय. तिथेही बहुधा मेलेला शॉकअप किंवा बसलेली स्प्रिंगच निघते. आणि सुटं-सुटं ‘खट-खट’ वाजत असेल तर लिंक रॉड (सस्पेन्शनची जोडदांडी) नाहीतर बुश (सांध्यातलं रबर). ते आधी बदला, टायरच्या दुकानात जाऊ नका.

बॉनेट दाबून सोडायचं आणि गाडी किती वेळा उडते ते बघायचं, ही परीक्षा सगळे सांगतात. तिच्यात पार मेलेला शॉकअपच सापडतो, अर्धमेला सुटून जातो. त्यापेक्षा शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलंय का बघा आणि टायरवरून तळहात फिरवा. रबरावर जागोजागी खळगे लागले तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाहीये, नाचतंय.

हवा

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. तेवढी भरा, सकाळी, गाडी चालवायच्या आधी. पंक्चरवाले ‘ॲव्हरेज मिळेल’ म्हणून ३८-४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून देतात. तेवढी उतरवली की अर्ध्या लोकांचं काम इथेच, फुकटात होतं.

पण स्टिकरच्या खाली उतरू नका. ‘३२च्या जागी २५ ठेवा, गादीसारखी चालेल’ हा सल्ला मला इतक्यांनी दिलाय की आता राग येतो. कमी हवेचं टायर प्रत्येक फेऱ्याला दुमडतं आणि आतून तापतं. आमच्या जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो, डांबर त्याहून कितीतरी जास्त तापलेलं. अशा रस्त्यावर ते टायर कडेने फुटतं, आणि ते ८०च्या वेगात फुटतं. उलट बाजूनेही चूक होते. सकाळी ३२ भरलेली हवा दुपारी ३६ दिसते. साधारण दर ६ अंशांमागे १ पीएसआय वाढतोच, ही वाढ धरूनच स्टिकरवरचं माप ठरवलेलं असतं. दुपारी घाबरून हवा काढली की रात्री टायर उपाशी. नायट्रोजन भरल्याने हे टळतं असंही कोणी सांगेल. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो हो.

टायरचं माप

टायरवर १८५/६५ आर १५ असं लिहिलेलं असतं. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, १५ हे रिमचं, म्हणजे टायर ज्यावर बसतं त्या धातूच्या चाकाचं, इंचांतलं माप, आणि मधला ६५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंच टायरची भिंत आहे ते. आपल्याला फक्त ही भिंत हवीय. १८५चे ६५ टक्के म्हणजे १२० मिमी. रिम आणि रस्ता यांच्यात तेवढीच हवेची उशी आहे.

आता हेच बघा. बलेनोच्या वरच्या प्रकाराला १९५/५५ आर १६ येतं, खालच्याला १८५/६५ आर १५. पहिल्याची भिंत १०७ मिमी, दुसऱ्याची १२०. बाहेरून चाकाची उंची दोन्हींची साधारण ६२१ मिमी, म्हणजे स्पीडोमीटरला फरकही कळत नाही. फरक आहे तो बोटभर हवेचा. स्विफ्टच्या खालच्या प्रकारातलं १६५/८० आर १४ घेतलं तर भिंत थेट १३२ मिमी, आणि उंची तरीही ६२० मिमीच. लोक जास्तीचे पैसे मोजून वरचा प्रकार घेतात आणि त्याबरोबर कडक चाकं विकत घेतात, ही मला नेहमी गंमत वाटत आलीय.

म्हणून माझं स्पष्ट मत: गाडी मऊ हवी तर रिम एक इंच लहान करा, भिंत वाढवा, बाहेरची उंची तीच ठेवा. माप मात्र कंपनीने त्याच मॉडेलच्या कुठल्यातरी प्रकाराला दिलेलंच घ्या. यादीबाहेरचं माप बसवलं आणि उद्या ठोकली, तर विमेवाल्याला बोट ठेवायला आयती जागा मिळते. रिम घ्यायच्या आधी एक चाक पुढच्या बाजूला चढवून हाताने गरगर फिरवा. काही गाड्यांना वरच्या प्रकारात ब्रेकची डिस्क मोठी असते आणि लहान रिम कॅलिपरला (डिस्क आवळणाऱ्या भागाला) घासते. नटांमधलं अंतर, मधलं भोक आणि ऑफसेटही (चाक किती आत-बाहेर बसतं ते) जुळला पाहिजे. दुकानदार ‘बसतं हो’ म्हणाला म्हणून पैसे देऊ नका, बसवून दाखव म्हणा.

रिम तीच ठेवून भिंत वाढवायची असेल तर १८५/६५ऐवजी १९५/६५ घालता येतं. हातात जेमतेम साडेसहा मिमी पडतात, चाकाची उंची २ टक्के वाढते, टायर जड होतं. उंचीतला फरक चालण्यासारख्या ३ टक्क्यांच्या आत आहे हे खरं, पण पाच माणसं बसवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून आतलं प्लास्टिक घासत नाही ना, ते बघावं लागतं. मी केलं होतं. पुन्हा करणार नाही. रुंद टायर म्हणजे मऊ टायर हा गैरसमज आहे. मऊपणा उंचीत असतो.

मापाच्या पुढे ८८एस असं काहीतरी असतं. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८५ म्हणजे ५१५, एस म्हणजे ताशी १८० किमीपर्यंत. तुमच्या गाडीच्या त्या प्रकाराला कंपनीने जेवढा आकडा सांगितलाय त्याच्या खाली जाऊ नका. ‘एक्सएल’ लिहिलेलं टायर जास्त वजनासाठी असतं, त्याची भिंत कडक असते. गरज नसेल तर टाळा.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात बघतो. टायरचे दात म्हणजे लांबट गोलात छापलेले चार आकडे. २३२४ असेल तर ते २०२४च्या २३व्या आठवड्यातलं. दुकानाच्या पत्र्याखाली तीन उन्हाळे काढलेलं टायर नवंकोरं दिसतं आणि लाकडासारखं चालतं.

शॉकअप कुठले

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम एकच, स्प्रिंगचं नाचणं थांबवणं. त्यामुळे ‘मऊ शॉकअप द्या’ असं मागू नका. गाडीबरोबर जे आले होते त्याच भाग-क्रमांकाचे नवे घ्या. डिझेलचं इंजिन जड असतं म्हणून पेट्रोल आणि डिझेलचे शॉकअप दिसायला सारखे असूनही वेगळे असू शकतात. डावा-उजवाही बघून घ्या. ‘हेवी ड्यूटी’, ‘स्पोर्ट’, एका नळीचे जास्त दाबाच्या गॅसचे, हे सगळं आपल्या कामाचं नाही. आपल्याला दोन नळ्यांचे, कमी दाबाच्या गॅसचे किंवा साधे तेलाचे पुरतात. गॅसवाले थोडे बरे. खराब रस्त्यावर सलग तासभर चाललं की साध्या शॉकअपमध्ये तेलाचा फेस होतो आणि त्याची पकड सैल पडते.

स्प्रिंगच्या वेटोळ्यात अडकवायचे रबरी बफर कोणी घातले असतील तर आजच काढा. गाडी उंच दिसते खरी, पण एक वेटोळं जाम झालं की स्प्रिंग कडकच होणार.

बदलायचे ते जोडीने, दोन पुढचे किंवा दोन मागचे. सोबत स्ट्रट माउंट (पुढचा शॉकअप म्हणजे स्ट्रट, त्याची वरची बैठक), बंप स्टॉप आणि धुळीचं बूट नवं घाला. खोलायची मजुरी तीच असते.

बसवताना: इथे मी फसलो

पहिल्या गाडीला मी चारही शॉकअप आणि लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश एकदमच घातले. ओळखीचं गॅरेज, सामान चांगलं, सगळं नवं. गाडी बाहेर काढली तर आधीपेक्षा कडक! वर थोडी उंचही उभी राहिलेली. ‘नवीन आहे, बसेल हळूहळू,’ असं सांगितलं गेलं. दोन महिने मी वाट बघितली. मग शॉकअपला दोष देऊन पुढची जोडी बदलली, दुसऱ्या कंपनीची आणली. तसूभर फरक नाही. सहा महिन्यांत नवे बुश फाटले आणि खट-खट सुरू झाली.

शेवटी धुळ्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रीने खाली वाकून बघितलं, पुन्हा नवे बुश टाकले आणि मला गाडी रॅम्पवरून उतरवायला लावली. ‘गाडी पहिले जमिनवर उभी करा, मंग नट आवळा,’ एवढंच म्हणाला. पाऊण तासाचं काम. परतताना मी तोच रस्ता मुद्दाम दोनदा फिरलो.

झालं असं होतं. बुशमध्ये बाहेरची नळी, आतली नळी आणि मधे दोन्हींना चिकटलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी जाम होते. यापुढे आर्म वर-खाली होताना फक्त रबर पिळलं जातं. गाडी लिफ्टवर असताना चाकं खाली लोंबतात. त्या अवस्थेत बोल्ट आवळला तर रबराची विश्रांतीची जागा ‘लोंबलेलं चाक’ ही ठरते. गाडी जमिनीवर आली की ते रबर कायम पिळलेलं राहतं, एका जादा स्प्रिंगसारखं ताणून धरतं, म्हणून गाडी उंच आणि कडक. प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळलं जातं, म्हणून लवकर फाटतं.

तेव्हा गॅरेजमध्ये उभे राहा. चहाला जायचं असेल तर आधी किंवा नंतर. रबरी बुशमधून जाणारा प्रत्येक बोल्ट, म्हणजे लोअर आर्मचे, मागच्या ॲक्सलचे, मागच्या शॉकअपच्या खालच्या डोळ्याचा, लिफ्टवर नुसता हाताने लावून ठेवायचा. मग गाडी चार चाकांवर उभी करायची, पुढे-मागे ढकलून आणि कोपरे दाबून तिला बसू द्यायचं, आणि त्या अवस्थेत, रॅम्पवर किंवा खड्ड्यात उतरून, टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या) आवळायचं. स्ट्रट चाकाच्या नकलला (चाक धरणाऱ्या लोखंडी भागाला) जोडणारे दोन जाड बोल्ट लिफ्टवरच आवळले तरी चालतात, तिथे रबर नाही. मिस्त्री म्हणेल, ‘भाऊ, काही व्हत नही.’ माझं झालेलं सांगा.

आणखी दोन ठिकाणी डोळा ठेवा. वरचा नट फिरवताना शॉकअपचा चकचकीत दांडा फिरू लागतो, आणि पोरगं तो पक्कडीने धरतं. त्या दांड्यावर पक्कडीचा एक ओरखडा उठला की तो सील कापणार आणि नवा शॉकअप महिनाभरात तेल गाळणार. दांड्याच्या टोकाला धरायला खाच असते, तिथेच धरायला लावा. दुसरं, दोन नळ्यांचा शॉकअप खोक्यात आडवा पडून येतो, त्याच्या तेलात हवा शिरलेली असते. बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडा. पहिल्या दोनदा मधेच पोकळ लागेल, नंतर एकसारखा चालेल.

स्प्रिंग दाबायचं काम स्वतः घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात राहत नाही.

पुढचं काम झालं की अलाइनमेंट, टायर बदलले की बॅलन्सिंग. ५०० किमीनंतर नट एकदा तपासून घ्या.

स्टेपनी जुन्याच मापाची राहिली तरी अडचण नाही, बाहेरची उंची तीच आहे. फक्त तिचे नट वेगळ्या लांबीचे किंवा वेगळ्या बसणीचे असतील तर ते डिकीत पिशवीत घालून ठेवा. ही गोष्ट मला चाळीसगावच्या पुढे, कन्नड घाटाच्या पायथ्याला, रात्री अकरा वाजता कळली होती.