होडीची ताडपत्री: माप, शिलाई आणि बांधणी

राधानगरी-काळम्मावाडीच्या जलाशयांवर किंवा पंचगंगेच्या काठी तुमची फायबरची होडी असेल, तर तिच्या मापाची ताडपत्री मे महिन्यातच शिवून घ्या. घेताना बहुतेक जण कापडाची जाडी बघतात. पण ताडपत्री फाटते ती जास्त करून वर साचलेल्या पाण्यामुळे. १५ फूट लांब आणि ५ फूट रुंद होडी म्हणजे साधारण ७ चौरस मीटर. १०० मिलिमीटर पाऊस झाला की तिच्यावर ७०० लिटर पाणी पडतं, आणि गगनबावड्याकडे एवढा पाऊस एका दिवसात होतो. ते पाणी घसरून गेलं तर ठीक. मध्ये झोळ पडला तर शिवण उसवते, नाहीतर होडीचा काठ वाकतो.

माप. लांबी पुढच्या टोकापासून मागच्या फळीपर्यंत मधोमध धरा. रुंदी एकाच जागी न मोजता दर दोन फुटांवर मोजा, कारण होडी पुढे निमुळती होत जाते. त्याहून चांगलं म्हणजे होडीवर साधा प्लास्टिकचा कागद ताणून पसरा, मार्करने काठाची रेघ मारा आणि वल्ह्याच्या खुंट्या, कड्या, इंजिनाची जागा त्यावरच दाखवा. हा कागद शिवणाऱ्याला द्या. काठाखाली चहूबाजूंनी ८ इंच कापड उतरायला हवं. मात्र कागद पसरण्याआधी ताडपत्री उचलून धरणाऱ्या कमानी उभ्या करा, नाहीतर ताडपत्री तोकडी पडते.

कमान. एक इंची पीव्हीसी पाइप किंवा चिरलेला बांबू वाकवून दर तीन-चार फुटांवर कमान लावा आणि सगळ्या कमानींच्या माथ्यावरून एक लांब आडवा बांबू बांधा. माथा काठापेक्षा किमान एक फूट उंच हवा. बांबूची टोकं आणि पाइपची तोंडं जुन्या ट्यूबच्या तुकड्यांनी गुंडाळा. पहिलं भोक तिथंच पडतं.

कापड आणि शिलाई. पीव्हीसीचा थर दिलेलं पॉलिस्टर कापड घ्या, चौरस मीटरला ५५० ते ६५० ग्रॅम वजनाचं. ट्रकवरही हे असतं, त्यामुळे ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या कारागिराला ते नवीन नाही. निळी-पिवळी पातळ ताडपत्री उन्हात लवकर चिरते. धागा पॉलिस्टरचाच हवा. सुती धागा ओलाव्याने कुजतो. कडेला दोन इंच दुमड, तिच्यात दोरी, आणि दर दीड फुटावर पितळी डोळा, म्हणजे दोरी ओवायचं गोल कडं. लोखंडी डोळा गंजून कापड खातो. दोन्ही टोकांना उंचावर, वरून झापड असलेली एकेक हवेची खिडकी सांगायला विसरू नका. हवा खेळली नाही तर आत बुरशी धरते.

बांधण्याआधी. जाळी बाहेर काढा. ओल्या जाळ्याचा वास उंदरांना बोलावतो आणि ते ताडपत्रीही कुरतडतात. पेट्रोलची टाकी काढा, इंजिन थंड होऊ द्या. होडी पाण्याबाहेर काठावर असेल तर पुढची बाजू थोडी उंच ठेवून मागचं बूच उघडं ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी निघून जाईल.

बांधणी. ६ मिलिमीटरची पॉलिस्टर दोरी वापरा. नायलॉन भिजला की सैल पडतो. काठावरच्या होडीला दोरी पोटाखालून घेऊन पलीकडच्या डोळ्याशी बांधा. आधी पुढचं टोक, मग मागची बाजू, शेवटी मधले बंध. दगड लटकवू नका, वाऱ्यात ते फायबरवर आपटतात. पाण्यातल्या होडीला बंध काठाखालच्या कड्यांना घ्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा ताणा, कापड थोडं सैल पडतंच. टेम्पोवरून होडी नेताना मात्र ही ताडपत्री काढून ठेवा. वाऱ्याने फडफडून तिचे डोळे उपटतात.

गाठ सुरगाठच मारा, निरगाठ नको. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पाणी ३९ कडे सरकायला लागलं की होडी वर ओढा आणि पुढच्या कडीपासून लांब दोर उंचावरच्या झाडाला बांधा. २०१९ आणि २०२१ सारखं पाणी आलं तर हीच होडी माणसं काढायला लागेल, आणि ओल्या हातांनी अंधारात ताडपत्री एका झटक्यात सुटली पाहिजे.