रोटरचं सीएफडी शिकताय? आधी कागदावर चकती काढा

हेलिकॉप्टरच्या रोटरच्या सीएफडीकडे, म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या संगणकी सिम्युलेशनकडे, नव्याने वळलेली मंडळी लगेच फिरत्या पात्यांची मेश (गणितासाठी हवेचे केलेले छोटे तुकडे, म्हणजे सेल्स) करायला घेतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, तो मोह थोडा आवरा. दर स्टेपला पातं एक अंश फिरवायचं म्हटलं तर एका फेऱ्याला ३६० टाइम-स्टेप, आणि वेक, म्हणजे रोटरमागे उरणारा घुसळलेला प्रवाह, स्थिरावायला असे कितीतरी फेरे. त्यातून निघालेला थ्रस्ट (रोटरचा जोर) बरोबर की चूक, हे कशाशी ताडून पाहणार?

ते माप मोमेंटम थिअरी देते. रँकिन आणि फ्रूड यांनी ती एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या प्रोपेलरसाठी मांडली. पाती विसरायची आणि हवेचा दाब एकदम वाढवणारी एक पातळ चकती धरायची. रॉबिन्सन आर२२ या छोट्या हेलिकॉप्टरचं कमाल वजन ६२२ किलो, रोटरचा व्यास ७.६७ मीटर. समुद्रसपाटीवर हॉवर करताना, म्हणजे हवेत एका जागी तरंगताना, चकतीतून हवा सेकंदाला साधारण ७.३ मीटर वेगाने खाली जाते आणि किमान ४५ किलोवॅट लागतात. जमिनीपासून उंच हॉवरमध्ये तुमचं सीएफडी याहून कमी दाखवत असेल, तर खुशाल सेटअप तपासायला घ्या.

पुढची पायरी ब्लेड एलिमेंटची, म्हणजे पात्याचे तुकडे पाडून प्रत्येकाचं गणित करण्याची, आणि इथे मनसोक्त रेंगाळा. याच रोटरच्या पात्यावर त्रिज्येच्या ७५ टक्क्यांवर वेग सुमारे १५४ मीटर प्रतिसेकंद असतो. खाली जाणाऱ्या ७.३ मुळे हवा २.७ अंश तिरकी येते. म्हणजे तिथला पिच (पात्याला दिलेला कोन) ८ अंश धरला, तर एअरफॉइलच्या, म्हणजे पात्याच्या छेदाच्या, वाट्याला ५.३ च उरतात. थ्रस्ट इनफ्लोवर (चकतीतून खाली जाणाऱ्या हवेवर) अवलंबून, इनफ्लो थ्रस्टवर. ही गाठ एकदा स्वतःच्या हाताने सोडवली, की सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) काय करतोय ते आपोआप दिसू लागतं.

तपासायला कॅराडोना आणि टंग यांचा १९८१ चा प्रयोग घ्या: दोन पाती, छेद नाका ००१२ हा प्रमाणित सममित आकार, पीळ नाही, निमुळतेपणा नाही. पिच ८ अंश, टिप माख (पात्याच्या टोकाचा वेग भागिले ध्वनीचा वेग) ०.४३९ असताना थ्रस्ट कोएफिशंट, म्हणजे थ्रस्टचं एककरहित माप, ०.००४५९ मोजला गेला. लिफ्टचा उतार (कोनागणिक लिफ्ट कोएफिशंट किती वाढतो ते) रेडियनला ५.७ धरून साधं गणित केलं तर ०.००६ च्या आसपास येतं. पात्याच्या टोकाशी लिफ्ट घटते, त्यासाठीची प्रांट्लची टिप-लॉस दुरुस्ती लावली की आकडा खाली, प्रयोगाच्या दिशेने सरकतो. ही घसरण प्रत्यक्ष बघण्यासारखी आहे.

मग सीएफडीत अॅक्च्युएटर डिस्क घाला, म्हणजे पात्यांऐवजी मेशच्या सेल्समध्ये मोमेंटमचे सोर्स. फ्यूजलाजवर (हेलिकॉप्टरच्या धडावर) पडणारा झोत किंवा जहाजाच्या डेकवरचा प्रवाह यासाठी ती उत्तम. पात्यावरचा दाब किंवा ब्लेड-व्होर्टेक्सचा (पातं हवेच्या भोवऱ्याला भिडल्याचा) आवाज मात्र तिच्याकडे मागू नका. तिच्यात पातंच नाही. आणि खाली उतरण्याचा वेग इंड्युस्ड वेगाच्या (रोटर हवेला खाली ढकलतो त्या वेगाच्या) जवळ आला की रोटरभोवती हवेच्या भोवऱ्याचं कडं, म्हणजे व्होर्टेक्स रिंग, तयार होते. तिथे मोमेंटम थिअरीचं समीकरण उत्तर देतं, पण ते वापरायचं नाही.