काजू कारखान्यात डिस्लेक्सिया असलेल्या सहकाऱ्याला काम सोपं कसं करून द्यावं

वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यात काजूगर नजरेनेच पारखणारे कामगार आहेत. त्यांच्यातला कोणी डब्यावर प्रतीचा आकडा लिहिताना मात्र २१० चं १२० करत असेल, तर त्याला निष्काळजी म्हणू नका. डिस्लेक्सियात अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालणं जड जातं. हुशारीशी त्याचा संबंध नाही आणि मोठेपणी तो आपोआप जातही नाही.

आधी एकट्याशी बोला, सगळ्यांसमोर नको. ‘तुला वाचता येत नाही का?’ असं विचारण्यापेक्षा ‘कुठल्या कामात लिहिणं-वाचणं आड येतं?’ असं विचारा. आजवर त्याने आपल्या खुणा, आपल्या युक्त्या शोधलेल्या असतातच. सोय तिथूनच सुरू करा. डिस्लेक्सियाचं निदान तज्ज्ञ करतील, मदतीला मात्र त्यांच्या कागदाची वाट बघायची गरज नाही.

मग लेबलांकडे वळा, कारण खरा गोंधळ तिथेच होतो. डब्ल्यू १८०, २१०, २४०, ३२० या अख्ख्या काजूगराच्या प्रती. त्यातला आकडा म्हणजे एका पौंडात, सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात ते. आकडा लहान, तर गर मोठा आणि भाव जास्त. डब्यावर चुकीचा आकडा गेला की गिऱ्हाईक तुटतं. म्हणून प्रत्येक प्रतीला एक पक्का रंग ठरवा. ट्रे, डबा आणि वही, तिन्हींवर तोच रंग लावा. प्रत्येक प्रतीची मांडणीवरची जागाही बदलू नका. लेबल हाताने न लिहिता ठळक, मोकळ्या अक्षरांत छापून घ्या. वजन लिहिताना एकाने आकडा मोठ्याने सांगावा, दुसऱ्याने लिहावा. हा नियम सगळ्यांनाच लावा, म्हणजे कोणी वेगळा पडत नाही.

सूचना एकेक करून द्या. लांबलचक मेसेजऐवजी व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवा. उत्तर लिहायचं असेल, तर फोनवर मराठीत बोलून टाइप करता येतं, ते एकदा शेजारी बसून दाखवा. बैठकीत कागद मोठ्याने वाचायला कधीच सांगू नका.

सुरक्षेच्या बाबतीत फलकावर विसंबू नका. काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, तेव्हा हातमोजे कसे वापरायचे ते करूनच दाखवा.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि डिस्लेक्सिया त्यात येतो. सहकाऱ्याला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं असेल, तर सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरचा अर्ज त्याच्यासोबत बसून भरा. त्या अर्जातही वाचायचं पुष्कळ असतं.