ती लघवी कोणत्या बाजूची?

मे महिन्यात धुळे-जळगावकडे पारा 45 अंशांना टेकला की कंबर धरून येणाऱ्या रुग्णांची रांग लागते आणि नव्या निवासी डॉक्टरचा हात आपोआप ‘मूतखडा’ असे लिहू लागतो. निदान बहुधा बरोबरच असते, आणि धोका नेमका तिथेच असतो.

शिंदखेड्याकडच्या साठीच्या, मधुमेह असलेल्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. “उजवी कंबर दुखी ऱ्हायनी, बस,” एवढेच त्या म्हणाल्या. ताप नव्हता आणि लघवीच्या तपासणीत पस सेल्स (पूच्या पेशी, म्हणजे संसर्गाची खूण) अवघ्या 2-3 होत्या. नाडी मिनिटाला 118, म्हणजे बरीच वेगवान, असल्याची नोंद मी स्वतःच्या हाताने केली आणि ती वेदनेच्या खाती टाकून दिली. वेदनाशामक इंजेक्शन दिले, सलाईन लावले आणि सोनोग्राफी सकाळवर ढकलली. मध्यरात्री त्या असंबद्ध बोलू लागल्या. रक्तदाब 80/50 होता.

धावत आलेल्या सरांनी रिपोर्ट पाहून एकच प्रश्न विचारला, “ही लघवी कोणत्या मूत्रपिंडाची?”

हे नीट समजून घ्या, कारण मी इथेच फसलो. खड्याने मूत्रवाहिनी पूर्ण बंद झाली, तर त्या बाजूची लघवी मूत्राशयात उतरतच नाही. बाटलीत येते ती दुसऱ्या, निरोगी मूत्रपिंडाची लघवी. म्हणजे माझ्या हातातला स्वच्छ रिपोर्ट डाव्या बाजूचा होता आणि पू उजवीकडे कोंडला होता. मधुमेही व वयस्कर रुग्णांना अशा वेळी ताप येईलच असे नाही. आधी पॅरासिटामॉल घेतली असेल तर ताप नसण्यावर मुळीच भरवसा धरू नका. शिवाय कोंडलेल्या मूत्रपिंडात प्रतिजैविक पुरेसे पोहोचत नाही, म्हणून ते ताबडतोब सुरू करूनही भागत नाही. डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत आतून बसवायची बारीक नळी) किंवा पाठीतून थेट मूत्रपिंडात नेफ्रोस्टॉमीची नळी घालून वाट मोकळी करावीच लागते. खडा त्याच वेळी काढण्याचा मोह मात्र टाळावा. संसर्ग आटोक्यात येईपर्यंत तो थांबू शकतो.

सलाईनच्या जोराने खडा ‘ढकलून’ देण्याचा जो सोपा उपाय काही सीनियर शिकवतात, त्याला माझ्या मते काहीही आधार नाही.

रात्री दोन वाजता सरांना उठवायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. ते रागावतील, रागावू द्या. माझे सर रागावले आणि मग स्वतः नळी घालायला उभे राहिले. नळीतून पहिल्यांदा दाट, पिवळट पू आला. आजी चार दिवस अतिदक्षता विभागात होत्या आणि वाचल्या. त्यांच्या केसपेपरवरचा 118 हा आकडा मात्र अजूनही माझ्याच अक्षरात आहे.